मेथीतला पिवळा चौकोन : परसबागेतल्या फिरत्या खुराड्याचं एक प्रकरण

वाफ्यातली अर्धी मेथी हिरवीगार. उरलेल्या अर्ध्यात आठ फूट बाय चार फुटांचा पिवळट, विरळ चौकोन, आणि त्याच्या कडा दोरी धरून आखल्यासारख्या सरळ. रोग असा सरळ रेषेत येत नाही आणि पाण्याची कमतरताही नाही. जिथे सरळ कडा दिसतात तिथे माणसाने काहीतरी ठेवलेलं असतं. इथे ठेवलं होतं कोंबड्यांचं फिरतं खुराडं, आणि ते फिरलंच नव्हतं.

ठिकाण वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, वावरातच बांधलेलं घर. मागे परसबाग. त्यात ४ फूट रुंद आणि १६ फूट लांब असे दहा वाफे, ४ इंच उंचावलेले, मधे फूटभर नाल्या. विहिरीचं पाणी, ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळ्या. घरासमोर २० बाय ३० फुटांची हराळीची हिरवळ. जमीन काळी, भारी. शेजारच्या वावरात कपाशी. घरात नवराबायको, सासू आणि शाळेत जाणारी दोन मुलं. कोंबड्या सहा, सुधारित गावरान, अंड्यावर आलेल्या; कोंबडा नाही. रात्री त्या घराला लागून असलेल्या पक्क्या खुराड्यात कोंडायच्या आणि दिवसा बिनबुडाच्या फिरत्या पिंजऱ्यात रिकाम्या वाफ्यावर सोडायच्या, अशी योजना. कोंबड्या तण खातील, किडे वेचतील, माती उकरतील, खत टाकतील आणि वाफा आयता तयार होईल. योजनेत चूक काही नव्हती, पण हिशोब केलेला नव्हता.

किती दिवस ठेवायचं, हे शिटावरून ठरतं

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. १२० ग्रॅम धरली तर सहा कोंबड्यांची ७२० ग्रॅम. त्यातली बरीच रात्री खुराड्यात पडते. दिवसा पिंजऱ्यात पडते ती ४०० ग्रॅमच्या आसपास. पिंजऱ्याची जागा ३२ चौरस फूट, म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर. ओल्या शिटात नत्र सव्वा टक्क्याच्या आगेमागे असतं. म्हणजे रोज ५ ग्रॅम नत्र, दर चौरस मीटरला पावणेदोन ग्रॅमच्या आत.

या घरात पिंजरा एकाच जागी बारा दिवस होता. तेवढ्या जागेत पावणेपाच किलो ओलं शीट आणि चौरस मीटरला सुमारे २० ग्रॅम नत्र पडलं. हेक्टरच्या भाषेत हे २०० किलो होतं. वांग्यालासुद्धा एवढं देत नाहीत, मेथीला तर याच्या पावपट पुरतं. त्यात पिंजरा उचलल्यावर तिसऱ्याच दिवशी बी फोकलं. ताज्या शिटातून निघणारा अमोनिया आणि त्यातले क्षार नेमके वरच्या इंचभर थरात होते, आणि बी पण तिथेच. जे उगवलं त्याची मुळं करपली, बाकीचं उगवलंच नाही. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या गेल्याच नव्हत्या, म्हणून तिथली मेथी चांगली.

यावरून जो दंडक निघाला तो असा : पालेभाजीच्या जागेवर तीन दिवस, वांगी-टमाट्यासारख्या खादाड पिकाच्या जागेवर सात-आठ दिवस, त्यापुढे नाही. कोंबड्यांची संख्या किंवा पिंजऱ्याची लांबी-रुंदी बदलली की हे दिवस पुन्हा मोजायचे. तण संपलं की नाही, हे बघून दिवस ठरवू नयेत. सहा कोंबड्या कोवळं तण दोन दिवसांत फस्त करतात आणि वाफा 'तयार' दिसू लागतो. उलट लव्हाळा महिनाभरानेही संपत नाही, आणि तो संपायची वाट बघत बसलं तर वर सांगितलेला चौकोन तयार होतो.

पिंजरा उचलल्याबरोबर, त्याच दिवशी, वरची माती खुरप्याने दोन-तीन इंच हलवून शीट मातीआड करायचं आणि वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दोन इंच पसरायचं. शीट उन्हात उघडं राहिलं तर नत्राचा मोठा वाटा अमोनिया होऊन उडून जातो. वाफा जळतो आणि खतही हाती लागत नाही, असा दुहेरी तोटा. मग एक-दोन हलकी पाणी देऊन तीन आठवडे थांबायचं, त्यानंतर लावण (काढणीपर्यंतचं अंतर वेगळं, ते पुढे).

बारा दिवस का राहिला?

आळसामुळे नाही. दसऱ्यानंतर कापूस फुटायला लागला आणि घरातली दोन्ही कर्ती माणसं वेचणीवर गेली. दिवसभर घरी फक्त सासूबाई. पिंजरा तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून केलेला, एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, चारही बाजूंनी जाळी, अर्ध्या भागावर टिन. वजन ३८ किलो. दोन धडधाकट माणसांशिवाय तो सरकत नव्हता, आणि दोन माणसं घरी फक्त अंधारात असायची. सासूबाईंचं म्हणणं एका वाक्याचं होतं : "कोंबडी तं उकरनच, पन हे धूड हलवन कोन?"

पूर्ण प्रकरणाचं मूळ या प्रश्नात आहे. घरात दिवसा जे माणूस असतं त्याला एकट्याने हलवता येत नाही तो पिंजरा फिरता नसतो, त्याला चाकं लावा की काही करा. विदर्भात ऑक्टोबर ते जानेवारी हे माणूस बहुतेक म्हातारं किंवा लहान असतं. म्हणून पिंजऱ्याचं माप घेताना कोंबड्यांच्या आधी त्या माणसाची ताकद मोजावी.

दुसरा पिंजरा भरीव मानवेल बांबूचा केला. कुटुंबात त्याला 'डोली' म्हणतात. माप तेच ठेवलं, ८ बाय ४ फूट, कारण वाफ्याची रुंदी ४ आणि लांबी १६. दोन मुक्कामांत एक वाफा पुरा होतो. उंची अडीच फूट. हिशोब असा बसला :

- सव्वा इंच जाडीचे बांबू, एकूण ५८ फूट, सांधे बाइंडिंग तारेने आवळलेले : साडेसात-आठ किलो
- खालच्या दीड फुटाला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, ३६ चौरस फूट : साडेतीन किलो
- त्यावर आणि माथ्यावर नायलॉनची जाळी : अर्धा किलो
- अर्ध्या माथ्यावर बुरडाकडचा बांबूचा टट्टा, ४ बाय ४ फूट : दोन किलो
- लहान मुलांच्या जुन्या सायकलची दोन चाकं, आस, दार, कडी : तीन किलो

सगळं मिळून १७ किलो. चाकं एका टोकाला, त्यामुळे दुसरं टोक उचलताना हातावर आठ-नऊ किलोच येतात. बांबू कापल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवले, म्हणजे त्यातली साखर निघून जाते आणि भुंगा कमी लागतो. जमिनीला टेकणाऱ्या दांड्यांखाली जुन्या स्प्रिंकलर पाइपची उभी चिरलेली पट्टी बांधली. ती घसरायला सोपी, आणि उधईला (वाळवीला) बांबूपर्यंत पोचणं अवघड.

चाकांनी पहिल्याच आठवड्यात एक खोडी काढली. वाफ्यावर डोली सरकवायची तर चाकं दोन्ही बाजूंच्या नालीत चालली पाहिजेत, म्हणून आस वाफ्यापेक्षा ८ इंच लांब आणि ४ इंच खाली घेतला होता. तीच डोली हिरवळीवर नेली की चाकांचं टोक चार इंच वर राहायचं आणि खालून कोंबडी सरळ बाहेर. उपाय साधा निघाला. आस धरणाऱ्या पट्टीला दोन भोकं पाडली, एक वाफ्यासाठी, एक सपाट जागेसाठी, आणि मधे खिळ. नव्याने करणाऱ्याने ही दोन भोकं आधीच पाडून घ्यावीत.

सरकवायची वेळ सकाळची, पक्क्या खुराड्यातून कोंबड्या आणण्याआधी. तेव्हा डोली रिकामी असते आणि बोटं सापडायचा प्रश्नच येत नाही. दुपारी कोंबड्यांसकट हलवावी लागली तर पुढच्या टोकाला मूठभर ज्वारी टाकायची, त्या पुढे धावतात, मग उचललेलं टोक जमिनीपासून दोनच बोटं वर धरून अर्ध्या-अर्ध्या पावलाने सरकायचं. जास्त वर उचललं तर निसटतात आणि घाई केली तर मागच्या दांडीखाली नख्या चिरडतात.

हलक्या पिंजऱ्याचं दुखणं वारा. मार्च-एप्रिलच्या वादळात डोली उलटते आणि गावातलं धीट कुत्रं धक्का देऊनही कलती करतं. चार कोपऱ्यांना दीड फुटाच्या सळईच्या खुंट्या आणि फासाच्या दोऱ्या ठेवल्या आहेत. ठोकायला पाच मिनिटं लागतात आणि याच पाच मिनिटांचा रोज कंटाळा येतो, हेही खरं.

मुंगूस कुठून शिरलं

सहातली एक कोंबडी मुंगसाने नेली, तीही भर दिवसा. मुंगूस दिवसाच हिंडतं, त्यामुळे रात्रीच्या पक्क्या खुराड्याने त्याचा बंदोबस्त होत नाही. जाळी कुठेही फाटलेली नव्हती. शेजारच्या वाफ्याचं पाणी नालीतून वाहून वाफ्याची कड ढासळली होती आणि दांडीखाली तीन इंचांची फट राहिली होती. वाफ्याच्या कडा कधीच सरळ राहत नाहीत, म्हणून डोलीला चारही बाजूंनी ८ इंच रुंद जाळीचा 'परकर' लावला. तो बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरतो आणि त्यावर चार विटा. उकरत येणारं जनावर दांडीशी येऊन तिथेच उकरतं. पाय परकरावर असल्याने त्याला खाली जाता येत नाही. शिकरा आणि कावळ्यांसाठी माथ्यावरची नायलॉन जाळी पुरते.

डोली चढवण्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून वाफ्याबाहेर ठेवायच्या. कोंबड्या नळीवर चोची मारतात, तिच्याखाली उकरून ती वर आणतात आणि शिटाने ड्रिपर बुजतात.

कोंबड्या काय खातात, काय नाही

केना, घोळ, माठाची रोपं आणि मातीच्या वरच्या इंचातलं तणाचं बी त्या आवडीने साफ करतात. कारली-दोडक्याच्या वाफ्यात फळमाशीचे कोष वरच्या एक-दोन इंचात असतात. ती वेल काढून टाकल्याबरोबर डोली चढवली तर कोष टिपले जातात. हे काम त्या माणसापेक्षा चांगलं करतात. हुमणीच्या अळ्या मात्र खोल असतात, त्यांच्यासाठी आधी कुदळीने सहा-आठ इंच माती पलटून द्यावी लागते. गाजरगवताला त्या तोंड लावत नाहीत. हराळीची पानं खातात, पण मुळ्या उकरून इकडून तिकडे टाकतात, म्हणजे हराळी पसरते. लव्हाळ्याच्या गाठी तशाच राहतात. आणि गांडुळंही खातात, ही गोष्ट लोक विसरतात. गांडूळखताच्या बेडाजवळ डोली नको.

चाऱ्यातून किती भागतं याबद्दल भ्रम नको. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य लागतं. वाफ्यावर चांगलं तण असलं तरी ९० ग्रॅम द्यावंच लागतं. त्यातला एक तृतीयांश सकाळी आणि बाकी संध्याकाळी दिला की दिवसभर उकरायची भूक राहते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, कायम.

या घरात खाद्यानेच एक विचित्र तक्रार निर्माण केली. आठवडाभर जमवलेली अंडी विकायला गेली आणि फोडल्यावर बलक हिरवट-तपकिरी निघाला. गिऱ्हाईकाने अंडी सडकी ठरवली. ती सडकी नव्हती. बैलांची सरकीची ढेप ज्या टोपल्यात कालवायचे त्यातला उरलेला चुरा कोंबड्यांना पडत होता. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते बलकातल्या लोहाशी जुळतं आणि साठवणीत रंग बदलतो. ताज्या अंड्यात तो कळतही नाही. ढेप बंद केल्यावरही रंग पुरता जायला काही आठवडे लागले. कापसाच्या मुलखात ही चूक कुठल्याही घरात होऊ शकते. कच्चं सोयाबीनही देऊ नये. त्यातला पचन रोखणारा घटक भाजल्या-उकडल्यानेच जातो. बुरशी धरलेली मक्याची कणसं तर उकिरड्यातच बरी.

ज्या वाफ्यात दाणेदार कीटकनाशक टाकलं असेल तिथे त्या हंगामात डोली नेऊ नये. कोंबडी दाणा समजून तो टिपते आणि थोड्याशा दाण्यांनीही मरते. कपाशीच्या बाजूचे दोन वाफे फवारणीच्या दिवसांत याच कारणाने सोडून दिले आहेत. सरकीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं, औषध लावलेलं सांडलेलं बी, हेही तितकंच घातक.

कॅलेंडर : दसरा नाही, होळी

सुरुवातीला सगळा भर दसऱ्यानंतरच्या मोकळ्या वाफ्यांवर होता. तो सोडावा लागला. दोन मुक्कामांचे चौदा दिवस आणि वर तीन आठवड्यांची विश्रांती धरली तर हिवाळी लावण डिसेंबरात जाते, शिवाय माणसं वेचणीत. विदर्भात डोलीचा खरा हंगाम होळीच्या आसपासचा आहे. मेथी, पालक, मुळा, सांबार (कोथिंबीर) निघून गेलेले असतात, शेतात काम कमी असतं, आणि पुढे जूनपर्यंत वाफा रिकामा राहू शकतो. खताला मुरायला दोन महिने आपोआप मिळतात आणि मे महिन्याच्या उन्हात कोरडी पडून भेगाळलेली माती जंतांच्या अंड्यांनाही सोसत नाही.

मार्चमध्ये काळी माती दगडासारखी असते, कोंबडीची नखं तिथे चालत नाहीत. म्हणून डोली चढवण्याच्या चार-पाच दिवस आधी हलकं पाणी द्यायचं आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसतानाच, चढवायची. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. पचकन बसला तर थांबा. ओल्या काळ्या मातीवर सहा कोंबड्या एका दिवसात रस्ता तुडवल्यासारखा थर करतात आणि त्यांच्या बोटांना चिकटलेले गोळे वाळून नखं मोडतात.

याच कारणाने मृगाच्या पावसापासून दसऱ्यापर्यंत वाफ्यांवर डोली पूर्ण बंद. पावसाळ्यात रक्ती हगवणीचीही भीती असते. तिचे जंतू विष्ठेतून पडल्यावर ओलसर उबेत एक-दोन दिवसांत संसर्ग करायच्या अवस्थेत येतात. पावसाळ्यात डोली हिरवळीवर रोज हलवायचं खरं कारण हे आहे, गवताची काळजी दुसऱ्या नंबरावर. कोंबड्या पंख पाडून गोळा होऊन बसल्या, शिटात रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावं. पाण्यातून अॅम्प्रोलियम हे औषध सुरू होतं. सतत झड असली तर पक्क्या खुराड्यातच, चार-सहा इंच कोरड्या कुटाराच्या गादीवर.

हिरवळीचं थोडक्यात. गवत दोन-तीन इंचांवर कापलेलं असावं, उंच गवत कोंबड्या तुडवतात, खात नाहीत. एका जागी एक दिवस. दुसऱ्या दिवशी तिथेच राहिली तर पिवळा ठसा उठतो. हलवल्यावर त्या जागेवर बादलीभर पाणी शिंपडून शीट विरघळवायचं. ६०० चौरस फुटांत जेमतेम अठरा-एकोणीस मुक्काम होतात. पावसाळ्यात हराळी तेवढ्या दिवसांत भरून येते. थंडीत येत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिरवळ बंद.

एप्रिलच्या मध्यापासून डोली वाफ्यावर फक्त सकाळी सहा ते नऊ. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कोंबडी सावलीतसुद्धा चोच उघडून धापा टाकते. लोखंडी पिंजऱ्याचं टिन त्या काळात तव्यासारखं तापलं असतं. नऊनंतर डोली कडूनिंबाखाली, टट्ट्यावर ओलं बारदान, मातीच्या पसरट भांड्यात पाणी, कोंबडीमागे अर्धा लिटर, दुपारी एकदा बदललेलं. दाणा पहाटे आणि सूर्य बुडल्यावर. भर दुपारी पचनाची उष्णता अंगात नको.

कोणत्या पिकामागे कोणतं

ताज्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात जनावरांचं कच्चं खत आणि काढणी यांत, मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी १२० दिवस आणि न टेकणाऱ्या भाजीसाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. घरच्या बागेला कोणी विचारत नाही, पण आकडा उपयोगी आहे. यावरून पिकांचा क्रम आपोआप ठरतो. डोलीनंतर पहिलं पीक वांगी. तीन आठवडे विश्रांती आणि पहिल्या तोडणीपर्यंतचे दोन-सव्वादोन महिने मिळून नव्वदीच्या जवळ पोचता येतं. भेंडी ४५-५० दिवसांत सुरू होते, तिथे अंतर कमी पडतं. पण होळीची डोली आणि जूनची पेरणी असेल तर तीही बसते. सांबार, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या भाज्या त्याच वाफ्यात एप्रिलची डोली उठल्यावर ऑगस्ट संपण्याआधी काढायच्या नाहीत. वर्षात पाचच वाफ्यांवर डोली जाते, उरलेले पाच पुढच्या वर्षी, त्यामुळे एकाच मातीत जंतांचा साठा होत नाही. जंताचं औषध तीन महिन्यांनी, आणि त्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते पशुवैद्यकाला विचारूनच. मानमोडीची (राणीखेतची) आर-टू-बी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास घेतलेल्याच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, विकत घ्याव्यात. बिनलसीच्या स्वस्त कोंबड्या एका साथीत सगळ्या जातात.

लोखंडी पिंजरा अजून आहे. त्याची चाकं काढली, तो कडूनिंबाखाली पक्का बसवला, आणि खुडूक कोंबडी किंवा आजारी कोंबडी वेगळी ठेवायला वापरतात. मेथीचा तो वाफा पुढच्या हंगामात वांग्याला दिला. लव्हाळा मात्र सासूबाई अजून खुरप्याने, गाठीसकट, हातानेच काढतात, डोली चढवण्याआधी.